समितीसाठी पूल

पाहुणा येणार म्हटलं की ऐत वरगानच्या माणसांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. घरातलं जवाचं पीठ तळाला गेलेलं असो, छप्पर गळत असो, पाहुण्याच्या जोड्याला चिखल लागता कामा नये. लागला तर अख्ख्या गावाची मान खाली. ॲटलस डोंगरातल्या त्या खोऱ्यात या गावाचं नाव दिलदारीसाठी घेतात. त्याच दिलदारीनं गावाचा गळा कापला, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

गावाखालून नदी वाहते. तिला सगळे नुसतं असीफ म्हणतात, म्हणजे नदीच. असीफवर एक फरशी पूल होता. दोन वर्षांपूर्वी उन्हाळा सरता सरता वर डोंगरात ढगफुटी झाली आणि फरशी पूल खडकांसकट वाहून गेला. तेव्हापासून गाव अलीकडे आणि डांबरी रस्ता, बाजार, दवाखाना, सगळं पलीकडे. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं असतं, बायका पाठीवर गवताचे भारे घेऊन आरपार जातात. थंडीचा पाऊस सुरू झाला की तेच पाणी कमरेला लागतं आणि असं गार असतं की आपले पाय जागेवर आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात तूदाची लेक ईतो माहेरी बाळंतपणाला आली आणि अडली. चार माणसांना उचलता येईल अशी गावात एकच वस्तू होती, मशिदीतली मयताची खाट. तिच्यावर जिवंत ईतोला निजवून, घोंगड्यांत गुंडाळून, दोरानं आवळून माणसं पाण्यात उतरली. मध्येच एकाचा पाय घसरला, खाट कलली आणि ईतो छातीपर्यंत भिजली. पलीकडे रुग्णवाहिका उभी होती. ड्रायव्हर खाली उतरला नाही, काच थोडी खाली करून बघत राहिला. ईतो काठावरच गेली, पोटातल्या जिवासकट. तिला परत आणायला खाट शोधावी लागली नाही.

तूदा तेव्हा रडली नाही असं लोक म्हणतात. रडली होती, पण गोठ्यात, शेळ्यांसमोर. आता तिची सून इज्जा पोटुशी होती आणि दिवस भरायचे होते ऐन थंडीत. इज्जाचं पोट आणि असीफचं पाणी, दोन्ही वाढत होती. तूदा सकाळी उठली की आधी एकाकडे बघायची, मग दुसऱ्याकडे.

अशात खबर आली. खोऱ्याचे खासदार इद्रिस, ज्यांना सगळे मानानं सी इद्रिस म्हणत, त्यांनी राजधानीत, राबातला, संसदेत उभं राहून मंत्र्यांना विचारलं होतं, ऐत वरगानचा पूल कधी होणार? मंत्री म्हणाले होते, समिती पाठवतो, पाहणी होईल. समिती गुरुवारी येणार होती.

गाव मशिदीपुढच्या ओट्यावर जमलं. झायद हा गावानं निवडलेला म्होरक्या, पांढरी दाढी, गळ्यात कायम लोकरीचा मफलर. तो म्हणाला, "सरकारची मानसं येनार. साहेब लोक. ती काय विजार वर खोचून पान्यातनं येतील व्हय?"

"येऊ द्या की," तूदा बायकांच्या घोळक्यातून म्हणाली. "पानीच बघायला येत्यात न्हवं?"

सगळे हसले. दुकानदार अद्दी म्हणाला, "तूदाकाकू, पाव्हन्याला आधी बुचकळून काढनार आन् मग चहा देनार, असं व्हय?"

तूदाही हसली. हेच तिला पुढं फार लागलं, की आपणही हसलो. कारण खरं सांगायचं तर तिलाही ते चित्र बघवेना, की शहरातून आलेला माणूस दारात ओल्या कपड्यांनी कुडकुडत उभा आहे. तिच्या बापानं एकदा पाहुण्यासाठी बियाण्याचा मका शिजवायला काढला होता. असलं रक्त सहज जात नाही.

ठरलं. तिवीझी करायची, म्हणजे घरटी एक माणूस, बिनमजुरीचं काम, ज्याचं त्यानं आपलं हत्यार आणायचं. दगड हवे तेवढे होते, अडलं लाकडापाशी. लांब, सरळ खोडं गावात एकाकडेच होती. तूदाचा मुलगा बस्सू यानं बांधावर पॉपलर वाढवले होते. बाळ आलं की एक खोली वाढवायची, तिच्या आढ्याला म्हणून.

सगळे बस्सूकडे बघायला लागले. बस्सूनं आईकडे बघितलं.

"घ्या," तूदा म्हणाली. "खोली काय, उन्हाळ्यात बांधू."

मग गाव पाण्यात उतरलं. पुरुष कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून दगडांचे खांब रचत होते आणि बायका पाठीवर दोरानं धोंडे बांधून उतारावरून खाली आणत होत्या. धोंडा टेकवून दोर सोडला की पाठ एकदम हलकी व्हायची आणि पुढच्या धोंड्याला ती पुन्हा वाकवणं नको वाटायचं. बस्सूच्या करवतीखाली पॉपलर एकेक करून आडवे झाले. खेचरांनी ते ओढत आणले, माणसांनी खांद्यावर घेतले. बस्सूचा खांदा सोलून निघाला. इज्जानं त्यावर मुरवलेलं लोणी चोळलं. "घराचं छप्पर न्हेऊन नदीवर टाकलंस," ती म्हणाली. "आता पोर नदीतच निजवू." बस्सू वेदनेनं नुसता हुं हुं करत राहिला.

पूल झाला. खोडांवर फांद्या, फांद्यांवर माती, माती चोपून घट्ट केलेली. झायदनं आधी खेचर नेऊन बघितलं, मग अद्दीची माल आणायची जुनी गाडी नेऊन बघितली. खोडं करकरली, पण गाडी पार झाली. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. बायकांनी जिभेनं लकारी काढली, लग्नात काढतात तशी. एवढा आनंद गावानं कित्येक महिन्यांत केला नव्हता, आणि तो कशाचा करतोय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी पांढरी गाडी पुलावरून डौलात आली. तिघं उतरले. एक जाड, सगळ्यांचा वरिष्ठ असावा, एक हातात फायली घेतलेला, आणि एक तरणा इंजिनियर. इंजिनियर पलीकडच्या खोऱ्यातला होता, गावाचीच बोली बोलायचा. जोडे सगळ्यांचे कोरडे होते.

झायदच्या घरी गालिचे अंथरले होते. अख्खा मेंढा भाजला होता, वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसची परात दोघींनी धरून आणली. वरिष्ठ मन लावून जेवले. बोटं चाटत म्हणाले, "वा! डोंगराची हवाच वेगळी. आम्ही शहरात विष खातो."

तूदा दाराशी हात धुवायचं तस्त घेऊन उभी होती. तिनं झायदला खुणावलं, बोला आता. झायदनं डोळे मोठे केले. पाहुण्याच्या तोंडात घास असताना गाऱ्हाणं सांगायचं नसतं. घास संपला तेव्हा चहा आला. चहा चालू असतानाही काम काढायचं नसतं, तो पहिला पेला पोटात जाऊ द्यायचा असतो, मग दुसरा. तिसरा पेला ओतेपर्यंत वरिष्ठांनी घड्याळ बघितलं.

तूदाच्यानं राहवेना. तस्त खाली ठेवून ती पुढं झाली. "साहेब, ह्यो पूल—"

"पाहिला ना!" वरिष्ठ म्हणाले. इंजिनियर तिची बोली त्यांना समजावून सांगत होता. "फार छान. मजबूत आहे."

"मजबूत न्हाई साहेब. ह्यो तुमच्यासाठी—"

"तूदा," झायद दबक्या आवाजात म्हणाला, "पाव्हन्याला खाल्लेलं दाखवून देतीस व्हय? लाज घालवू नगंस."

तिनं तस्त पुन्हा उचललं. पुलावर उभं राहून तिघांनी फोटो काढले. जाताना अद्दीनं त्यांच्या गाडीत अक्रोडांचं पोतं टाकलं. धूळ खाली बसली तेव्हा झायद समाधानानं म्हणाला, "पोट भरून गेली मानसं. आता आपलं काम झालंच समजा."

सोमवारी दुपारी सगळं गाव अद्दीच्या दुकानात कोंबलेलं होतं. दर सोमवारी संसदेतले प्रश्न टीव्हीवर दाखवतात. एरवी कुणी बघत नाही. इज्जा पोत्यावर बसली होती, तूदा तिच्यामागे उभी. मंत्री अरबीत बोलत होते, तेही पुस्तकी, म्हणून अद्दी एकेक वाक्य आपल्या बोलीत सांगत होता.

"सी इद्रिसनं इचारलं, पुलाचं काय? आता मंत्री बोलतोय. म्हनतोय, समिती गेली व्हती. समितीनं... थांबा. समितीनं असं बघितलं, की गाडी गावात सरळ गेली. काय बी अडचन आली न्हाई."

मागचे लोक टीव्हीकडे आणखी सरकले.

"म्हनतोय, फोटू हायत. सभागृहात ठिवतो. म्हनतोय..." अद्दीचा आवाज बारीक झाला, "रहिवासी सुखी हायत, खानंपिनं उत्तम हाय, पाव्हनचार लई केला. त्यामुळं तिथं पुलाची तातडी हाय असं सरकारला वाटत न्हाई."

"मेंढ्याचं बी सांगितलं?" कुणीतरी विचारलं.

"मेंढ्याचं न्हाई. पन तोंडावर दिसतंय की."

सी इद्रिस पुन्हा उठले. त्यांना बोलायला अर्धा मिनिट होता. त्यांनी हातातले कागद उलटसुलट केले, काहीतरी म्हणाले, अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि ते खाली बसले.

"काय म्हनाला?"

अद्दीनं टीव्हीचा आवाज बंद केला. "मंत्रीसाहेबांचे आभार मानले."

तूदाच्या अंगाची लाही लाही झाली. तिला मंत्र्याचा राग आला, त्या जाड साहेबाचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या गावाचा. आपल्या दुःखाला आपणच झाडूनपुसून, कोरडं करून, वर मेंढा वाढून साहेबांपुढे ठेवलं. मग साहेबांना ते दिसावं कसं?

दुसऱ्या दिवशी सी इद्रिसचा फोन झायदला आला. झायदनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"अहो, तुम्ही माझं नाक कापलंत!" खासदार कडाडले. "मी तिथं घसा फोडून सांगतो, गाव तुटलंय, बायका मरतायत. आणि तुम्ही त्यांना पुलावरून वरात काढून नेता? पूल बांधायची बुद्धी कुणाची?"

"पाव्हने व्हते, सी इद्रिस..."

"पाहुणे कसले, पाहणी होती ती! ऐका आता. मी मंत्र्यांना पुन्हा गाठलंय. दुसरी समिती येणार आहे. ती यायच्या आत तो पूल काढा. एक लाकूड दिसता कामा नये. त्यांना पाणी दिसू दे. मगच मी तोंड वर करून प्रश्न विचारीन."

फोन बंद झाला आणि ओट्यावर भांडण पेटलं. काढा म्हणणारे होते, काढू नका म्हणणारे होते. बाजाराला नेलेल्या बटाट्याला यंदा पहिल्यांदा बरा भाव मिळाला होता, तो या पुलामुळे. बस्सू उठला. एरवी तो चारचौघांत बोलत नाही.

"माझी बाईल कवाबी बाळतीन व्हईल. पूल काढला आन् पानी वाढलं तर मी काय करू? मशिदीतली खाट काढू?"

कुणी वर बघेना. सगळ्यांनी ती खाट उचललेली होती. इकडे आड तिकडे विहीर. पूल ठेवावा तर खरा पूल कधी होणार नाही, काढावा तर बाई मरेल.

"इज्जाला आधी पलीकडं न्हेऊ," तूदा म्हणाली. "तालुक्याच्या गावी माझी भन ऱ्हाती. दवाखाना तिच्या दारात हाय. तितं व्हऊ द्या बाळंतपन. मग काढा पूल."

"आये, ती म्हयनाभर तितं..."

"ऱ्हाऊ दे. ह्या एका पोरापुरतं बघू नगंस. ह्याच्यामागं बी पोरं येतील गावात."

बोलली खरी, पण इज्जाला खेचरावर बसवताना तिनं तिच्याभोवतीचं घोंगडं दोनदा सोडून पुन्हा आवळलं. पहिलं बाळंतपण, आणि सासू जवळ नाही. इज्जा सासूला मानानं लल्ला म्हणायची. तिनं विचारलं, "लल्ला, तुमी येनार न्हवं?" तूदा म्हणाली, "पूल काढायला मी हवी." इज्जा तोंड फिरवून पुलावरून गेली. बस्सू तिच्या मागे गेला.

पूल काढायचं काम बांधण्यापेक्षा जड निघालं. चोपून बसवलेली माती भिजून-वाळून दगडासारखी झाली होती. तूदानं कुदळ घेतली. माती पाण्यात पडली की असीफ थोडी गढूळ व्हायची आणि लगेच पुन्हा निवळायची. खोडं सुटी करून काठावर रचली. कुणी गात नव्हतं. अद्दी म्हणाला, "जगात आपनच असू बगा, सरकारला समजावं म्हनून सोताचा पूल तोडनारे." कुणी हसलं नाही.

दुसरी समिती आली. गावानं शपथ घेतली होती, चूल पेटवायची नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही. सगळे अलीकडच्या काठावर रांगेनं उभे होते. मध्ये पाणी, वर पावसाची भुरभुर. पलीकडे पांढरी गाडी थांबली. जाड साहेब उतरले, छत्री उघडली, पाण्याच्या कडेपर्यंत आले. त्यांनी हात तोंडाशी धरून काहीतरी ओरडून विचारलं. असीफच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. झायद ओरडला, तेही तिकडे पोचलं नसावं. साहेबांनी फोनवर फोटो काढला, इंजिनियरशी बोलले, छत्री मिटली आणि गाडी वळली.

"बघितलं," झायद म्हणाला. "आता तर डोळ्यांनी बघितलं."

त्या सोमवारी अद्दी दुकानात खुर्चीवर उभा राहून सांगत होता. "मंत्री म्हनतोय, समिती पुन्यांदा गेली. पन गावापर्यंत जायला वाटच न्हाई. त्यामुळं समितीला गावात जाता आलं न्हाई. गावात गेल्याबिगर पाहनी व्हत न्हाई. पाहनी न्हाई तर अहवाल न्हाई." अद्दी थांबला. "म्हनतोय, वाट उपलब्ध व्हताच समिती पुन्यांदा जाईल."

टीव्हीवर दुसराच खासदार दुसऱ्याच गावाच्या शाळेबद्दल विचारत होता आणि मंत्री त्याच चेहऱ्यानं दुसरा कागद वाचत होता.

"वाट असली तर पूल नगं," तूदा सावकाश म्हणाली. "वाट नसली तर पाहनी न्हाई. मग मानसानं मरावं तरी कुठल्या दारानं?"

इज्जाला मुलगा झाला होता. दवाखान्यात, सुखरूप. बस्सूनं फोनवर सांगितलं तेव्हा तूदानं गोठ्यात जाऊन ते आधी शेळ्यांना सांगितलं. पण पाणी रोज वर येत होतं, बहिणीच्या दोन खोल्यांत जागा नव्हती, बहिणीचा नवरा तोंडानं काही न बोलता दारं आपटत होता. इज्जा फोनवर रडली, "लल्ला, मला घरी यायचंय." एका दुपारी बस्सू तिला आणि बाळाला घेऊन पलीकडच्या काठावर आला. इज्जानं गाठोडं वर धरलं. तूदा अलीकडून बघत होती. लांबून नातू म्हणजे एक करडं घोंगडं. त्याला नाक कसं आहे, कुणावर गेलाय, काही कळेना. तिला ओरडावंसं वाटलं. ते तिघं थोड्या वेळानं बाजारच्या गाडीत बसून परत गेले.

तूदा झायदच्या दारात गेली. "उद्या तिवीझी हाय."

"सी इद्रिस म्हनले थांबा. ते पुढच्या सोमवारी परत..."

"सोमवार त्यांचे. पोर माझं."

"तूदा, आता पूल झाला तर सगळं केलेलं मातीत जाईल."

"जाऊ दे. मी बोलवायला आले न्हाई, सांगायला आले."

सकाळी ती एकटीच काठावर गेली आणि पहिल्या खोडाला दोर बांधून ओढायला लागली. खोड हललं नाही. ती पाय रोवून ओढत राहिली. मग अद्दी आला, त्यानं तिच्यामागे दोर धरला. मग बायका आल्या. मग पुरुष, मान खाली घालून. पाणी आता मागच्या वेळेपेक्षा वर होतं आणि खांब रचताना माणसं आळीपाळीनं बाहेर येऊन शेकोटीपाशी पाय चोळायची. झायदचा फोन वाजला. त्यानं तो तूदाच्या कानाला लावला.

"बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?" सी इद्रिस म्हणाले. "माझा प्रश्न पडेल!"

"तुमचा प्रश्न पडंल, आमची मानसं पडत्यात," तूदा म्हणाली. "तुमाला इचारायला अर्धा मिनिट मिळतो न्हवं? त्यात आभार नगा मानू. एवढंच करा." आणि फोन झायदच्या हातात दिला. तिच्या हाताला चिखल होता, तो झायदच्या कानाला लागला.

पूल झाल्याची बातमी पलीकडे कशी गेली कोण जाणे. गावात कुणी मेलं तर सरकारला कळायला वर्ष लागतं, पण वाट झाली हे लगेच कळलं. ज्या सकाळी बस्सू बायकोला घेऊन येणार होता, त्याच सकाळी बाजारच्या गाडीमागून पांढरी गाडीही आली.

इज्जा पुलावरून चालत आली. तूदानं बाळ घेतलं, घोंगडं बाजूला केलं. नाक ईतोचं होतं. तिनं त्याच्या कपाळाला ओठ लावले आणि ते लगेच आईकडे परत दिलं, कारण पलीकडे पांढऱ्या गाडीची दारं उघडली होती. जाड साहेब, फायलीवाले आणि तो तरणा इंजिनियर पुलाकडे यायला निघाले होते.

तूदा पुलावर गेली आणि मधोमध उभी राहिली.

"हितनं न्हाई," तिघं पुलाच्या तोंडाशी आले तशी ती मोठ्यानं म्हणाली.

मागून झायद पुलावर धावत आला. "तूदा, पाव्हने हायत..."

"हायत तर हायत. ह्यो पूल आमचा हाय. आमच्या छपराच्या लाकडाचा. तुमचा पूल व्हईल तवा त्याच्यावरनं या. आज पान्यातनं या."

इंजिनियरनं वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठांचा चेहरा लाल झाला. "सरकारी कामात अडथळा! हिला सांग, तक्रार करीन."

"करा म्हनावं. तक्रारीची पाहनी करायला बी पान्यातनंच यावं लागंल."

पलीकडे बाजारच्या गाडीतले लोक हसले, अलीकडे बायका हसल्या. वरिष्ठ गाडीत जाऊन बसले, फायलीवाले त्यांच्या मागे. इंजिनियर मात्र काठावर थांबला. त्यानं गाडीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, मग खाली बसून जोडे काढायला लागला. मोजे जोड्यात खोचले, जोडे गळ्यात अडकवले.

तो पाण्यात शिरला आणि पहिल्या पावलालाच त्याच्या तोंडून आवाज निघाला. पुढं गुडघे गेले, मग मांड्या. मधल्या धारेत पाणी त्याच्या कमरेला लागलं, पाय सरकला, त्यानं धडपडून दगडी खांबाला मिठी मारली. जोडे पाण्यात गेले आणि वाहत निघाले. तो तिथंच उभा राहिला, ओठ निळे, दात वाजत होते. तूदा त्याच्या डोक्यावर, पुलावर उभी होती.

"आज्जी," तो वर बघून म्हणाला, "हात दे ना. ह्या पान्यात मानूस मरंल!"

"मरतंय, बाबा," तूदा म्हणाली. "माझी लेक मेली. तेवढं लिव."

मग ती खाली वाकली आणि तिनं हात दिला.